'प्लेनो' म्हणजे नुसते 'फुल' नव्हे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला अनुवादावरचा लेख मी दोनदा वाचला. लेख मनापासून लिहिलेला आहे, आणि क्रियापदांच्या अडचणींबद्दल लेखकांनी जे म्हटले आहे ते मला मान्य आहे. पण पुढे ते म्हणतात, की विशेषणांचे तसे नसते. कोश उघडावा, समोरचा शब्द उचलावा आणि पुढच्या ओळीला लागावे. त्या वाक्यापाशी मी अडले. सत्तावीस वर्षे मी स्पॅनिशमधून इंग्रजीत अनुवाद करते आहे. करारनामे, विम्याचे दावे, यंत्रांची माहितीपत्रके, लोकांच्या घरगुती आठवणी, सगळे केले. या सगळ्या काळात मला सर्वांत जास्त वेळा ज्या शब्दाने रात्री जागवले, तो एक साधे, पाच अक्षरांचे विशेषण आहे: 'प्लेनो'. स्त्रीलिंगी नामाबरोबर 'प्लेना'. कोणताही स्पॅनिश-इंग्रजी कोश काढा, पहिला अर्थ 'फुल' (full), म्हणजे भरलेला किंवा पूर्ण, असाच मिळेल.

कोश खोटे बोलत नाही, हे आधी सांगते. कायद्याच्या आणि राज्यकारभाराच्या भाषेत 'प्लेनो'ला 'फुल' अगदी चपखल बसते. 1948 चा मानवी हक्कांचा जाहीरनामा घ्या. स्पॅनिश ही संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांपैकी एक. शिक्षणाविषयीच्या 26 व्या कलमात माणसाच्या व्यक्तिमत्त्वाचा 'प्लेनो' विकास असे स्पॅनिशमध्ये आहे आणि इंग्रजीत 'फुल' विकास. लग्नाविषयीच्या 16 व्या कलमात संमती 'प्लेनो' आहे, इंग्रजीत ती 'फ्री अँड फुल'. स्पेनच्या 1978 च्या राज्यघटनेतले 40 वे कलम सरकारला 'प्लेनो एम्प्लेओ'च्या दिशेने धोरण आखायला सांगते. तेच इंग्रजीत 'फुल एम्प्लॉयमेंट'. 1 जानेवारी 1986 रोजी स्पेन युरोपीय आर्थिक समुदायाचा 'प्लेनो देरेचो' असलेला सदस्य झाला. इंग्रजीत 'फुल मेंबर' म्हटले की काम झाले. 'देरेचो' म्हणजे हक्क, तो शब्द वाटेत गळतो, पण अर्थाला धक्का लागत नाही. अशा मजकुरावर काम करणाऱ्या माणसाला विशेषणे सोपी वाटली, तर नवल नाही.

अडचण सुरू होते ती माणसे बोलायला लागली की.

त्याआधी या शब्दाच्या जुळ्या भावंडाबद्दल थोडे सांगायला हवे. स्पॅनिशमध्ये 'भरलेला' यासाठी रोजचा शब्द 'प्लेनो' नाहीच, तो आहे 'येनो'. लिहिताना सुरुवातीला दोन 'एल' आणि बहुतेक ठिकाणी उच्चार 'य'च्या जवळचा. दोन्ही शब्द लॅटिनमधल्या एकाच 'प्लेनुस'पासून आले. लोकांच्या तोंडी शतकानुशतके घासून त्याचा 'येनो' झाला. 'प्लेनो' मात्र शिकल्यासवरल्या लोकांनी लॅटिनमधून जवळजवळ जसाच्या तसा उचलला. अशा जोड्या स्पॅनिशमध्ये बऱ्याच आहेत. किल्ली म्हणजे 'याबे' आणि उकल किंवा संकेत म्हणजे 'क्लाबे', हीही एकाच लॅटिन शब्दाची दोन मुले. इंग्रजीतला 'फुल', लॅटिनमधला 'प्लेनुस' आणि आपला 'पूर्ण' हे तिघेसुद्धा लांबचे भाऊबंद आहेत, एकाच प्राचीन मुळापासून फुटलेले. हे मला पहिल्यांदा कळले तेव्हा किती आनंद झाला होता, ते आजही आठवते. पण नाते असले म्हणून स्वभाव सारखा असतोच असे नाही.

'येनो' म्हटले की लगेच प्रश्न येतो, कशाने? पेला पाण्याने, रस्ता माणसांनी, डोळे आसवांनी. 'येनो'ला भांडे लागते आणि भांड्यात घालायला काहीतरी लागते. इंग्रजी 'फुल' याच जातीचे. 'प्लेनो' हा प्रश्न विचारतच नाही. एखादी गोष्ट तिच्या स्वतःच्या भरात आहे, तिचे जे काही असणे आहे ते पुरते जागे आहे, एवढेच ते सांगते. पेल्याला कोणी 'प्लेनो' म्हणत नाही. हिवाळ्याला म्हणतात, रात्रीला म्हणतात, तारुण्याला म्हणतात, आणि रस्त्यालाही म्हणतात, पण तो रिकामा असला तरी.

आता मराठी माणसाने कान टवकारावेत, कारण मी जे सांगते आहे ते आपल्याला आईच्या दुधातून मिळालेले आहे. 'एन प्लेनो इन्बिएर्नो' म्हणजे भर हिवाळ्यात. 'एन प्लेना काये' म्हणजे भर रस्त्यात. 'एन प्लेना खुबेन्तुद' म्हणजे भर तारुण्यात. 'एन प्लेना नोचे' म्हणजे भर रात्री. सगळीकडे एकच शब्द, आणि तो भरण्यातूनच आलेला. जिथे 'भर' अडखळते तिथे आपल्याकडे 'ऐन' तयार असते. स्पॅनिश शिकवताना मी व्याकरणातला हा भाग फळ्यावर मांडतच नाही. 'भर दुपारी' एवढेच म्हणते, मुले माना डोलावतात आणि आम्ही पुढच्या धड्याला लागतो.

इंग्रजीकडे असा एक शब्द नाही. प्रत्येक नामासाठी तिला वेगळे दार ठोठवावे लागते. दिवसाचा उजेड असेल तर 'ब्रॉड', म्हणजे रुंद. उन्हाळा असेल तर 'हाइट', म्हणजे उंची. विमान आकाशात असताना काही घडले तर 'मिड', म्हणजे मधोमध. चेहऱ्यावर थेट ठोसा बसला तर 'स्क्वेअर', म्हणजे चौकोनी. तारुण्याला 'प्राइम', बहराला मात्र 'फुल'. आणि हिवाळा किंवा रात्र असेल तर 'डेड'. स्पॅनिश माणूस हिवाळा भरला आहे म्हणतो, इंग्रज तो मेला आहे म्हणतो, आणि दोघेही त्याच गारठ्याबद्दल बोलत असतात. मला हे फार विलक्षण वाटते. 'डेड ऑफ विंटर' हा उत्तम इंग्रजी वाक्प्रचार आहे आणि मी तो शेकडो वेळा वापरला आहे. पण दर वेळी लिहिताना जाणवते, की मी एक भरलेली वस्तू घेतली आणि तिच्या बदल्यात एक निष्प्राण वस्तू दिली.

त्यात आणखी एक गाठ आहे. 'एन प्लेनो खुलियो', म्हणजे ऐन जुलैत. माद्रिदच्या माणसाने हे लिहिले तर त्याच्या अंगाची लाही होत असते; ब्वेनोस आइरेसच्या माणसाने लिहिले तर तो कुडकुडत असतो. स्पॅनिश वाक्यात अक्षराचाही फरक नाही. इंग्रजीत उतरवताना मात्र तुम्हाला ठरवावेच लागते, हे ऊन आहे की थंडी. म्हणून मी कोणताही मजकूर हाती घेतला की आधी विचारते, लिहिणारा कुठे बसून लिहितो आहे? अनेकांना हा प्रश्न वायफळ वाटतो.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. तेव्हा मला या कामात चारच वर्षे झाली होती. एका विम्याच्या दाव्यातला जबाब होता. शिडीवरून पडून मनगट मोडलेला, रंगकाम करणारा एक माणूस. त्याने म्हटले होते, की मी पडलो तेव्हा 'एन प्लेनो आगोस्तो' होता, भयंकर ऊन होते आणि आसपास चिटपाखरू नव्हते. मी इंग्रजीत 'इन मिड-ऑगस्ट' लिहून टाकले. कानाला छान लागत होते, कोशातही जवळपास तसेच सापडले होते. पुढे दावा तपासणाऱ्यांचे पत्र आले. रुग्णालयाच्या कागदावर तारीख 3 ऑगस्ट आहे, दावेदार स्वतः मात्र ऑगस्टच्या मध्याला पडलो म्हणतो, तेव्हा खरे काय ते कळवावे. त्या माणसाने तारखेबद्दल चकार शब्द काढला नव्हता. तारीख मी घातली होती. 'प्लेनो'ला मी महिन्याच्या मधोमध नेऊन बसवले, आणि एका खऱ्या माणसाचा जबाब खोटा दिसू लागला.

दुरुस्तीचे निवेदन मी त्याच दिवशी सही करून पाठवले, तरी त्याचे पैसे पाच आठवडे अडकले. मोडलेल्या मनगटाने घरी बसलेल्या माणसाचे पाच आठवडे. ते पत्र मी अजून जपून ठेवले आहे. 'ऐन ऑगस्टात' म्हणताना त्याला काय सांगायचे होते, ते मला नंतर समजले. स्पेनमध्ये ऑगस्ट हा सुट्टीचा महिना. न्यायालयांचेसुद्धा बहुतेक कामकाज त्या महिन्यात थांबलेले असते, शेजारीपाजारी गावी नाहीतर समुद्रावर गेलेले असतात. म्हणून हाक ऐकायला कोणी नव्हते. त्या एका विशेषणात ऊन होते, ओस पडलेली इमारत होती आणि मदत न मिळाल्याचे दुःख होते. तारीख तेवढी नव्हती.

रागही याच शब्दातून बोलतो. 'एन प्लेनो सिग्लो बेइंतिउनो', अक्षरशः 'भर एकविसाव्या शतकात'. स्पॅनिश वृत्तपत्रांत हे शब्द वारंवार भेटतात, आणि बहुतेक वेळा ते काळ सांगायला आलेले नसतात. एकविसावे शतक उजाडले तरी अजून हे असे चालते, असा तो संताप असतो. 'इन द ट्वेंटी-फर्स्ट सेंचुरी' एवढेच लिहिले तर वाक्य बरोबर आणि राग गायब. 'इन फुल ट्वेंटी-फर्स्ट सेंचुरी' तर इंग्रजीच नव्हे, तरी ते छापलेले मी पाहिले आहे. मी सहसा 'स्टिल' हा छोटा शब्द आणते आणि शतक वाक्याच्या शेवटी टाकते, म्हणजे वाचणारा तिथे थबकतो.

'ड्युअरिंग', म्हणजे 'दरम्यान', या शब्दाबद्दलही माझी तक्रार आहे. 23 फेब्रुवारी 1981 ला माद्रिदमध्ये काँग्रेसच्या, म्हणजे स्पेनच्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहात कालवो-सोतेलो यांच्या पंतप्रधानपदासाठी मतदान चालू होते. एकेका प्रतिनिधीचे नाव पुकारले जात होते, आणि तेवढ्यात सत्ता उलथवण्याच्या कटातला लेफ्टनंट कर्नल तेहेरो पिस्तूल घेऊन सभागृहात घुसला. स्पॅनिशमध्ये हे 'एन प्लेना बोतासिओन' घडले. इंग्रजीत 'ड्युअरिंग द व्होट' लिहिले, तर ते मतदान कुठेतरी मागे चालू असल्यासारखे वाटते. 'प्लेना' म्हणते की काम अगदी रंगात असताना, नावे घेतली जात असताना, लोकशाही आपले काम करत असतानाच तिच्यावर हात टाकला गेला. आपण 'ऐन मतदानात' म्हणू आणि आपल्याला ते तसेच टोचेल. मी इंग्रजीत असे वाक्य आले की तपशील वाढवते: नावे पुकारली जात होती, असे सरळ लिहिते. एका विशेषणासाठी आख्खे उपवाक्य खर्चावे लागते, पण इलाज नाही.

इतर उपयोग भराभर सांगते, त्यांचा त्रास कमी आहे. 'गोबिएर्नो एन प्लेनो' म्हणजे सबंध मंत्रिमंडळ, झाडून सगळे. नुसते 'एल प्लेनो' म्हणजे नगरपालिकेची सर्वसाधारण सभा; जुगारातल्या रूलेटच्या टेबलावर त्याच शब्दाचा अर्थ एकाच आकड्यावर लावलेला डाव. हे प्रसंगावरून कळते, डोके खाजवावे लागत नाही. भरलेपणाची कडू बाजू दाखवणारा 'आर्तो' मात्र जपून हाताळावा लागतो. त्याचेही मूळ ठासून भरण्यातच आहे. स्पेनमध्ये 'आर्तो' झालेला माणूस वैतागलेला असतो, आणि इंग्रजीतले 'फेड अप' त्याला नेमके बसते, कारण तेही अन्न खाऊ घालण्यातून निघाले आहे. मेक्सिको किंवा चिलीत मात्र तोच 'आर्तो' नुसता 'पुष्कळ' असतो.

आता ज्या वाक्यासाठी खरे तर मी हे पत्र लिहायला बसले, त्याकडे येते.

इंग्लंडमध्ये वाढलेल्या एका तरुणीने तीन वर्षांपूर्वी मला काम दिले. तिची आजी स्पॅनिश. 1960 साली स्पेन आणि पश्चिम जर्मनी यांच्यात कामगार पाठवण्याचा करार झाला, त्यानंतर जे हजारो स्पॅनिश स्त्री-पुरुष जर्मनीतल्या कारखान्यांत गेले, त्यांपैकी ती एक. आजीच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून कोणीतरी कागदावर उतरवल्या होत्या. नातीला स्पॅनिश येत नव्हते, म्हणून इंग्रजी पुस्तिका करायची होती, घरच्यांपुरती. बेचाळीस पाने. गाडीचा प्रवास, वसतिगृहातल्या लोखंडी खाटा, जर्मन मुकादमाचे न समजणारे ओरडणे, घरी पाठवायच्या पैशांचा हिशेब, परत येणे, नवऱ्याचे जाणे. एक्केचाळीस पाने मी तीन आठवड्यांत संपवली. शेवटच्या पानावर आजी म्हणते: 'मे सिएन्तो प्लेना.' तीन शब्द. त्यावर माझे अकरा दिवस गेले.

'आय फील फुल' लिहिले तर आजी जेवून उठली. 'आय अ‍ॅम अ फुल वुमन' म्हणजे तिच्या देहाबद्दल बोलल्यासारखे. 'फुलफिल्ड' सगळ्यांना सुचते, आणि गंमत अशी की त्या शब्दात भरणे दोनदा आहे, 'फुल'ही आणि 'फिल'ही. पण आजच्या इंग्रजीत तो मनासारखी नोकरी मिळालेल्या माणसाचा शब्द झाला आहे. लोखंडी खाटेवर झोपलेल्या बाईच्या तोंडी तो शोभत नव्हता. 'कम्प्लीट' म्हटले की आधी काहीतरी अपुरे होते आणि कोणीतरी येऊन ते पुरे केले असे वाटते. नवरा गेल्यावर वीस वर्षे एकटी राहिलेली ही बाई, तिला कोण पुरे करणार? 'होल' (whole), म्हणजे अखंड, हा मला सर्वांत जवळचा वाटत होता, पण तो बरे होण्याशी जोडलेला शब्द आहे, मोडून सांधले गेल्यासारखा. आणि 'कन्टेन्ट', म्हणजे समाधानी, फारच हलक्या आवाजात बोलते.

मराठीत मला एका क्षणात सुचले होते: 'मी भरून पावले.' पूर्वी पावतीवर लिहीत, रक्कम भरून पावली. देणेकऱ्याकडे काही बाकी नाही, माझ्याकडे काही येणे नाही. हल्ली आपण हे शब्द बहुधा टोमण्यात वापरतो, त्याचे मला वाईट वाटते, कारण त्यांचा मूळ अर्थ इतका स्वच्छ आहे. पण नातीला मराठी येत नव्हते, आणि मला मोबदला इंग्रजीचा मिळणार होता.

शेवटी मी तिला विचारले, आजीशी बोलता येईल का? व्हिडिओ कॉल लावून दिला. सत्त्याऐंशी वर्षांची बाई, पांढरे केस मागे घट्ट बांधलेले, कानाला यंत्र. मी स्पॅनिशमध्ये विचारले, तुम्ही 'प्लेना' म्हणालात, 'येना' का नाही? ती म्हणाली, 'येना' तर मी दुपारी जेवल्यावर असते. मग जरा वेळ गप्प बसली. तिने उजवा हात टेबलावर पालथा ठेवला आणि एकेक बोट उचलत गेली. मुलगा आहे. मुलगी आहे. घराची किल्ली आहे. तिकडची भाषाही अजून थोडी येते. करंगळीपाशी थांबली. नवऱ्याचे नाव घेतले, आणि तेही बोट उचलले. मग म्हणाली, 'नो मे फाल्ता नादा.' मला कशाचीही उणीव नाही.

गेलेल्या नवऱ्यालाही तिने मोजले होते. उणीव म्हणून नव्हे, असलेल्यांत.

त्या रात्री मी इंग्रजीत लिहिले: 'नथिंग इन मी इज मिसिंग.' भरण्याचा एकही शब्द त्यात नाही. नातीचा फोन आला. तिने ऑनलाइन कोश पाहिला होता आणि तिथे 'फुल' होते, मग हे 'मिसिंग' कुठून आले? प्रश्न रास्त होता. मी तिला भर हिवाळ्याचे उदाहरण दिले. जिथे स्पॅनिश भरलेली बाजू दाखवते, तिथे इंग्रजी अनेकदा रिकाम्या बाजूने जाते आणि त्याच ठिकाणी पोचते. आणि हे शब्द मी मनाने रचलेले नाहीत, तुझ्या आजीने बोटांवर मोजून दिले आहेत, हेही सांगितले. तिने मान्य केले.

संपादक महोदय, लेखकांवर टीका करण्यासाठी मी हे लिहीत नाही. आपल्या वृत्तपत्राला एक विनंती मात्र आहे. स्पॅनिश साहित्य आणि स्पॅनिश भाषक देशांतल्या बातम्या मराठीत येतात त्या बहुतेक इंग्रजीवरून. 'प्लेनो'चे 'डेड' झालेले असते, आणि मग मराठीत 'हिवाळ्याच्या मृत मध्यात' असे काहीतरी उतरते. हे शब्द मी एका अनुवादित कथेत खरोखर वाचले आहेत. 'एन प्लेना नोचे'ची 'मध्यरात्र' होते आणि घटनेची वेळच बदलते. मूळ मजकूर कोणत्या भाषेतला आणि अनुवाद कोणत्या भाषेवरून केला, एवढे दोन शब्द अशा मजकुराखाली छापावेत. त्यात जागा फार जाणार नाही. आणि स्पॅनिश जाणणारे कोणी हाताशी असेल तर त्यांना एकदा दाखवावे. मला विचारलेत तर मी मोबदल्याशिवाय आनंदाने पाहून देईन.

पुस्तिकेचे पुढे असे झाले, की छापून आल्यावर नातीने शेवटचे पान आजीला इंग्रजीत वाचून दाखवले आणि मोडक्यातोडक्या शब्दांत अर्थ सांगितला. आजीने ऐकून घेतले आणि विचारले, माझे 'प्लेना' कुठे गेले? म्हणून पुन्हा काढलेल्या प्रतींत ते स्पॅनिश वाक्य वर ठेवले आहे आणि माझे इंग्रजी त्याच्याखाली, जरा बारीक अक्षरात.

आपली विश्वासू,
एक वाचक व स्पॅनिश-इंग्रजी अनुवादिका